पालघर जिल्ह्याच्या सीमाभागातील करभार

पालघर जिल्ह्याच्या सीमाभागातील करभार हा महाराष्ट्र, गुजरात आणि दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव या तीन शेजारी करक्षेत्रांतील विक्रीकर व इतर करांच्या तुलनेचा विषय आहे. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे आदिवासीबहुल तालुके या सीमेच्या जवळ असल्यामुळे एकाच वस्तूवर वेगवेगळ्या शासनांनी लावलेल्या करांतील फरक येथे दैनंदिन व्यवहारात जाणवतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर बहुतेक वस्तूंवरील दर देशभर एकसमान झाले. मात्र पेट्रोल, डिझेल, मद्य, वीज, वाहन नोंदणी, प्रवासी वाहतूक, मुद्रांक शुल्क व व्यवसाय कर यांबाबतीत तिन्ही करक्षेत्रांत आजही ठळक फरक आहेत.

पार्श्वभूमी

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. जिल्ह्यात वसई, पालघर, डहाणू, तलासरी, विक्रमगड, वाडा, जव्हार व मोखाडा हे आठ तालुके आहेत. जिल्ह्याच्या उत्तरेस गुजरातचा वलसाड जिल्हा आणि दादरा व नगर हवेलीचा प्रदेश आहे. पूर्वेस नाशिक जिल्ह्याचा डोंगराळ भाग लागतो.

२०११ च्या जनगणनेनुसार जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार, तर मोखाडा तालुक्याची सुमारे ८३ हजार होती. दोन्ही तालुक्यांत अनुसूचित जमातींचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास असून वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी या येथील प्रमुख जमाती आहेत. दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतात. भात, नाचणी व वरई ही पावसाळी पिके, वनोपज आणि मजुरी ही उपजीविकेची मुख्य साधने आहेत. भाताची कापणी आटोपल्यावर अनेक कुटुंबे वीटभट्ट्या, बांधकामे व शेतमजुरीसाठी ठाणे, भिवंडी, वसई, नाशिक आणि गुजरातच्या बाजूला स्थलांतर करतात.

या भागातील बहुसंख्य कुटुंबांचे उत्पन्न प्राप्तिकराच्या मर्यादेच्या बरेच खाली असते. त्यामुळे त्यांच्यावरील करभार मुख्यतः अप्रत्यक्ष करांच्या रूपाने येतो. तेल, साबण, कपडे, मोबाइल सेवा, बसचे तिकीट व दुचाकीचे इंधन यांच्या किमतीतच कर समाविष्ट असतो.

इतिहास

संस्थानकाळ

आजच्या या दोन तालुक्यांत स्वातंत्र्यापूर्वी दोन वेगळ्या राजवटी होत्या. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते व त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१० चौरस मैल होते. जमीन महसूल आणि जंगलाचे उत्पन्न हे संस्थानाच्या महसुलाचे मुख्य आधार होते. मोखाडा मात्र ब्रिटिश मुलखातील ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्याचा पोटविभाग म्हणून समाविष्ट होता. शेजारचा नगर हवेलीचा परगणा अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. अशा रीतीने काही मैलांच्या अंतरात ब्रिटिश, संस्थानी व पोर्तुगीज अशा तीन महसूल व्यवस्था नांदत होत्या.

या काळातील कराचा जाचक अनुभव अबकारीशी निगडित होता. मोहाच्या फुलांपासून घरगुती दारू गाळण्याची प्रथा रोखून अबकारी महसूल सुरक्षित ठेवण्यासाठी मुंबई सरकारने १८९२ मध्ये मोहफुलांविषयीचा कायदा केला. ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत मोहफुलांची साठवण व विक्री त्याद्वारे नियंत्रित करण्यात आली. मोहफूल हे या भागात टंचाईच्या दिवसांतील अन्नही असल्यामुळे या निर्बंधांचा परिणाम मद्यापुरता मर्यादित नव्हता.

विक्रीकराचा प्रारंभ

१९३५ च्या भारत सरकार कायद्याने वस्तूंच्या विक्रीवर कर बसवण्याचा अधिकार प्रांतांना मिळाला. मध्य प्रांत व वऱ्हाड येथे १९३८ मध्ये मोटार इंधन व वंगणाच्या विक्रीवर कर लावण्यात आला, तर मद्रास प्रांताने १९३९ मध्ये सर्वसाधारण विक्रीकर सुरू केला. मुंबई प्रांतात सर्वसाधारण विक्रीकराचा कायदा १९४६ मध्ये झाला. प्रांतिक कायदा संस्थानी हद्दीत आपोआप लागू होत नसे. १९४८ मध्ये जव्हार संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन ठाणे जिल्ह्याचा भाग झाल्यावर जव्हार व मोखाडा एकाच करव्यवस्थेखाली आले.

राज्यघटनेने विक्रीकर राज्यसूचीत ठेवला. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणाऱ्या विक्रीवर कर कोणी घ्यावा, हा वाद सोडवण्यासाठी १९५६ मध्ये सहावी घटनादुरुस्ती आणि केंद्रीय विक्रीकर कायदा करण्यात आला. या कायद्याखालील कराचा दर केंद्र ठरवीत असे, पण माल जिथून निघाला ते राज्य तो कर वसूल करून स्वतःकडे ठेवत असे. आरंभी १ टक्का असलेला हा दर १९७५ मध्ये ४ टक्क्यांपर्यंत वाढला. पुढे २००७ मध्ये तो ३ टक्के व २००८ मध्ये २ टक्के करण्यात आला. या रचनेत वस्तू वापरणाऱ्या मागास भागातील ग्राहकाने दिलेला कर उत्पादक राज्याच्या तिजोरीत जात असे.

मुंबई राज्याचे विभाजन

१ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन झाले, तेव्हा नव्या महाराष्ट्र व गुजरात राज्यांत १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदाच लागू राहिला. म्हणजे सीमा आखली गेली त्या दिवशी दोन्ही बाजूंचा विक्रीकर एकाच कायद्याखाली होता. गुजरातने १९६९ मध्ये स्वतंत्र विक्रीकर कायदा केला. महाराष्ट्रात मात्र १९५९ चा कायदा, अनेक दुरुस्त्यांसह, ३१ मार्च २००५ पर्यंत चालू राहिला. दारूबंदीबाबतही असेच घडले. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा दोन्ही राज्यांना वारशाने मिळाला. गुजरातने संपूर्ण दारूबंदी कायम ठेवली. महाराष्ट्राने परवाना पद्धतीकडे वळून मद्यावरील शुल्क हे महसुलाचे मोठे साधन बनवले.

करसवलतींची स्पर्धा

दादरा व नगर हवेलीचा प्रदेश १९५४ मध्ये पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला आणि १९६१ मध्ये केंद्रशासित प्रदेश म्हणून भारतात समाविष्ट झाला. तेथे विक्रीकराची स्वतंत्र तरतूद १९७८ च्या विनियमाने झाली. पुढे नव्या उद्योगांना विक्रीकरातून दीर्घ मुदतीची सूट देण्यात आली. त्यामुळे सिल्वासा परिसरात कृत्रिम धागा, प्लॅस्टिक व इतर उद्योगांची मोठी वाढ झाली. मुंबईची बाजारपेठ व बंदर जवळ असणे आणि कर कमी असणे, असा दुहेरी लाभ या उद्योगांना मिळाला.

महाराष्ट्रानेही १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजनेद्वारे मागास भागांतील उद्योगांना सवलती दिल्या. विक्रीकरात सूट आणि कर भरण्यास मुदतवाढ हे या योजनेतील महत्त्वाचे घटक होते. मात्र करसवलत हा उद्योगाच्या स्थानाचा एकमेव निकष नसतो. सपाट जमीन, रेल्वे, महामार्ग, अखंड वीज व पाणी यांचाही विचार होतो. डोंगराळ भूप्रदेश आणि रेल्वेचा अभाव यांमुळे जव्हार व मोखाडा तालुक्यांत सिल्वासा किंवा पालघरच्या किनारी पट्ट्यासारखा औद्योगिक विस्तार झाला नाही.

राज्याराज्यांतील या स्पर्धेमुळे सर्वांचाच महसूल घटत असल्याचे लक्षात आल्यावर १६ नोव्हेंबर १९९९ रोजी झालेल्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत विक्रीकराचे किमान समान दर ठरवण्याचा आणि विक्रीकरावर आधारित औद्योगिक सवलती थांबवण्याचा निर्णय झाला. मूल्यवर्धित कर आणण्याचेही याच परिषदेत ठरले. महाराष्ट्र आणि दादरा व नगर हवेली येथे हा कर १ एप्रिल २००५ पासून, तर गुजरातमध्ये १ एप्रिल २००६ पासून लागू झाला.

जकात व तपासणी नाके

विक्रीकराखेरीज स्थानिक संस्थांची जकात हा वस्तूंवरील दुसरा भार होता. महाराष्ट्रातील नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये रद्द झाली. बहुतेक महापालिकांत तिची जागा स्थानिक संस्था कराने घेतली आणि १ ऑगस्ट २०१५ पासून तोही बहुतांश व्यापाऱ्यांसाठी बंद झाला. मुंबईतील जकात मात्र वस्तू व सेवा कर येईपर्यंत चालू होती. गुजरातने महापालिकांतील जकात २००७ मध्ये संपुष्टात आणली.

मुंबई–अहमदाबाद महामार्गावर तलासरी तालुक्यातील आच्छाड येथील नाका हा या सीमेवरील सर्वांत परिचित तपासणी नाका होय. वस्तू व सेवा करानंतर विक्रीकराची तपासणी बंद झाली, तरी परिवहन विभागाची वजन व कागदपत्रांची तपासणी चालू राहिली. गुजरातने आपले परिवहन तपासणी नाके नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद केले. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सीमा तपासणी नाके बंद करण्याचा निर्णय २०२५ मध्ये घेतला.

वस्तू व सेवा कर

१०१ व्या घटनादुरुस्तीने केंद्र व राज्ये यांना वस्तू व सेवांवर एकत्रितपणे कर लावण्याचा अधिकार मिळाला. राज्यांतर्गत विक्रीवर कराचा अर्धा भाग केंद्राला व अर्धा राज्याला मिळतो. आंतरराज्य विक्रीवर एकात्मिक कर आकारला जातो आणि राज्याचा वाटा वस्तूचा उपभोग जिथे होतो त्या राज्याकडे वळता होतो. म्हणजेच केंद्रीय विक्रीकरातील उगमस्थानाचे तत्त्व जाऊन त्याच्या जागी गंतव्यस्थानाचे तत्त्व आले. सिल्वासात तयार झालेला माल जव्हारच्या बाजारात विकला गेला, तर राज्याच्या वाट्याचा कर महाराष्ट्राला मिळतो.

या बदलामुळे महसूल घटेल अशी भीती महाराष्ट्र व गुजरात या उत्पादक राज्यांना होती. त्यासाठी २०१५-१६ हे वर्ष आधारभूत धरून दरवर्षी १४ टक्के वाढीची हमी देणारी नुकसानभरपाई पाच वर्षे, म्हणजे जून २०२२ पर्यंत, देण्यात आली.

सुरुवातीला ५, १२, १८ व २८ टक्के असे चार मुख्य दर होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ व १८ टक्के हे दोन मुख्य दर आणि निवडक वस्तूंसाठी ४० टक्के असा दर ठेवण्यात आला. त्या वेळी अंगाचा साबण, केसांचे तेल व बिस्किटे यांवरील दर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. सुटे धान्य, मीठ, ताज्या भाज्या व दूध यांवर कर नाही. खाद्यतेल व चहा यांवर ५ टक्के, तर मोबाइल सेवेवर १८ टक्के कर आहे. हे दर जव्हार, सिल्वासा व वापी येथे सारखेच असल्यामुळे या वस्तूंसाठी सीमा ओलांडण्याचे करविषयक कारण उरलेले नाही.

लहान उत्पादकांच्या दृष्टीने काही तरतुदी महत्त्वाच्या आहेत. स्वतः पिकवलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्यास नोंदणी करावी लागत नाही. त्याच्याकडून न सोललेले काजू नोंदणीकृत व्यापाऱ्याने घेतल्यास कर भरण्याची जबाबदारी खरेदीदारावर असते. वस्तूंच्या विक्रेत्यांसाठी नोंदणीची मर्यादा महाराष्ट्र व गुजरातमध्ये ४० लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीची आहे. परंतु राज्याबाहेर वस्तू विकणाऱ्यास सामान्यतः ही सूट मिळत नाही. हस्तकला वस्तूंना या नियमातून २० लाख रुपयांपर्यंत वेगळी सवलत दिली आहे. ५० हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीचा माल राज्याबाहेर नेताना ई-वे बिल आवश्यक असते. महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीसाठी ही मर्यादा १ लाख रुपये आहे.

राज्यनिहाय भिन्न असलेले कर

इंधन

पेट्रोल, डिझेल, कच्चे तेल, नैसर्गिक वायू व विमान इंधन यांवर वस्तू व सेवा कर परिषदेच्या शिफारशीशिवाय हा कर लागू होत नाही. त्यामुळे त्यांवर केंद्राचे उत्पादन शुल्क व राज्याचा मूल्यवर्धित कर चालू आहे. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे व नवी मुंबई या क्षेत्रांत उर्वरित राज्यापेक्षा अधिक दर होता. २०२४ च्या अर्थसंकल्पातील निर्णयानुसार तो इतर भागांच्या बरोबरीस आणण्यात आला.

| करक्षेत्र | पेट्रोल | डिझेल |
|---|---|---|
| महाराष्ट्र | २५ टक्के व प्रतिलिटर ५.१२ रुपये | २१ टक्के |
| गुजरात | १३.७ टक्के व ४ टक्के उपकर | १४.९ टक्के व ४ टक्के उपकर |
| दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव | १२.७५ टक्के | १३.५ टक्के |

राज्याचा कर लागण्यापूर्वीची किंमत उदाहरणादाखल प्रतिलिटर ८० रुपये धरल्यास पेट्रोलवरील राज्याचा कर महाराष्ट्रात २५.१२ रुपये, गुजरातमध्ये सुमारे १४.६० रुपये आणि केंद्रशासित प्रदेशात १०.२० रुपये होतो. डिझेलवर हेच आकडे अनुक्रमे १६.८०, सुमारे १५.६० व १०.८० रुपये येतात. म्हणजे डिझेलच्या बाबतीत महाराष्ट्र व गुजरात यांतील अंतर थोडे आहे, तर पेट्रोलच्या बाबतीत ते दहा रुपयांहून अधिक आहे. सीमेलगतच्या वाहनधारकांना पलीकडील पंपावर टाकी भरणे त्यामुळे फायद्याचे ठरते व महाराष्ट्राच्या बाजूचा विक्रेता आणि राज्याची तिजोरी या दोघांचेही नुकसान होते. सीमेपासून दूर असलेल्या मोखाड्यासारख्या ठिकाणी मात्र जाण्यायेण्याचा खर्च वजा करता लहान खरेदीत हा फायदा उरत नाही. तेथील दुचाकीस्वार अधिक दराचा करच भरतो.

मद्य

मानवी सेवनाचे मद्य राज्यघटनेतील व्याख्येनेच वस्तू व सेवा कराच्या बाहेर ठेवले आहे. या सीमेवर मद्याबाबत तीन भिन्न धोरणे आढळतात. गुजरातमध्ये दारूबंदी आहे, महाराष्ट्रात चढ्या शुल्कासह विक्रीस परवानगी आहे आणि केंद्रशासित प्रदेशात शुल्क तुलनेने कमी आहे. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क घोषित निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केले. दरांतील या तफावतीमुळे दादरा व नगर हवेली आणि दमण येथूनच विक्रीस मुभा असलेले मद्य पालघर जिल्ह्यात चोरट्या मार्गाने येते. राज्य उत्पादन शुल्क विभागाची पथके सीमेवरील रस्त्यांवर त्याविरुद्ध कारवाई करतात.

वाहन कर व प्रवासी कर

खासगी वाहनांवर एकरकमी कर घेतला जातो. महाराष्ट्रात १० लाख रुपयांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीस ११ टक्के, १० ते २० लाखांपर्यंत १२ टक्के व त्यापुढे १३ टक्के असा दर आहे. डिझेल मोटारींवर प्रत्येक टप्प्यात तो २ टक्क्यांनी अधिक आहे. १०० ते २९९ घनसेंटिमीटर क्षमतेच्या दुचाकीस ११ टक्के कर लागतो. गुजरातमध्ये खासगी दुचाकी व मोटारींवर सामान्यतः ६ टक्के कर आहे. त्यामुळे ८० हजार रुपये किमतीच्या दुचाकीवर महाराष्ट्रात ८,८०० रुपये, तर गुजरातमध्ये ४,८०० रुपये कर येतो. शेजारील राज्यात नोंदवलेले वाहन १२ महिन्यांहून अधिक काळ महाराष्ट्रात ठेवल्यास मोटार वाहन कायद्यानुसार नवा नोंदणी क्रमांक घेऊन येथील कर भरावा लागतो.

महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या बसच्या भाड्यावर राज्य शासन १७.५ टक्के प्रवासी कर घेते. १९५८ च्या कायद्याने आलेला हा कर शहरी बससेवेसाठी बराच कमी आहे. रेल्वे नसलेल्या जव्हार व मोखाडा तालुक्यांत एस.टी. हेच सार्वजनिक प्रवासाचे प्रमुख साधन असल्याने उपचार, शिक्षण व मजुरीसाठी होणाऱ्या प्रवासावर हा कर पडतो. महिलांना १७ मार्च २०२३ पासून भाड्यात ५० टक्के सवलत देण्यात येते.

वीज व मुद्रांक शुल्क

महाराष्ट्रात घरगुती विजेवर १६ टक्के वीज शुल्क आकारले जाते. गुजरातमध्ये शहरी घरगुती ग्राहकांसाठी हा दर १५ टक्के, तर ग्रामीण भागासाठी ७.५ टक्के आहे. ग्रामीण ग्राहकांसाठीच्या या वेगळ्या दरामुळे सीमेच्या दोन्ही बाजूंच्या समान परिस्थितीतील खेड्यांच्या वीजबिलात फरक पडतो.

स्थावर मालमत्तेच्या खरेदीवर गुजरातमध्ये अधिभारासह ४.९ टक्के मुद्रांक शुल्क असून महिला खरेदीदारांना १ टक्का नोंदणी फी माफ आहे. महाराष्ट्रात मुद्रांक शुल्काचा दर क्षेत्रानुसार बदलतो. महिलांना निवासी घराच्या खरेदीवर १ एप्रिल २०२१ पासून १ टक्का सवलत आहे व नोंदणी फीची कमाल मर्यादा ३० हजार रुपये आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासींची जमीन शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगर-आदिवासींना हस्तांतरित करता येत नाही. त्यामुळे जव्हार व मोखाडा तालुक्यांत या कराचे व्यावहारिक महत्त्व मर्यादित आहे.

व्यवसाय कर आणि रोजगार हमी

राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ नुसार व्यवसाय कराची कमाल मर्यादा प्रतिव्यक्ती वार्षिक २,५०० रुपये आहे. महाराष्ट्रात मासिक १० हजार रुपयांहून अधिक वेतन असणाऱ्या पुरुषांना ११ महिने २०० रुपये व फेब्रुवारीत ३०० रुपये, असा एकूण २,५०० रुपये कर भरावा लागतो. महिलांना १ एप्रिल २०२३ पासून २५ हजार रुपयांपर्यंतच्या मासिक वेतनावर सूट आहे. गुजरातमध्ये मासिक १२ हजार रुपयांहून अधिक वेतनावर दरमहा २०० रुपये आकारले जातात. दादरा व नगर हवेलीत हा कर नाही.

महाराष्ट्रातील या कराचा उगम रोजगार हमी योजनेशी जोडलेला आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली ही योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर विस्तारली. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर सुरू झाला आणि इतर काही करांवरही अधिभार लावण्यात आले. रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. शहरांतील नोकरदार व व्यावसायिकांकडून घेतलेल्या करातून ग्रामीण मजुरांना मागेल तेव्हा काम देण्याची ही रचना होती. खरिपानंतर स्थलांतर करावे लागणाऱ्या जव्हार व मोखाडा यांसारख्या तालुक्यांसाठी ती विशेष महत्त्वाची ठरली. जादा कर म्हणजे केवळ जादा ओझे नव्हे, हे दाखवणारे उदाहरण म्हणून या कराचा उल्लेख केला जातो.

आदिवासी समाज व प्राप्तिकर

अनुसूचित जमातींना सर्वत्र प्राप्तिकर माफ असतो, असा समज आढळतो. प्रत्यक्षात प्राप्तिकर अधिनियम १९६१ च्या कलम १०(२६) मधील सूट ईशान्येकडील विनिर्दिष्ट राज्ये, सहाव्या अनुसूचीतील क्षेत्रे व लडाख येथील आदिवासी रहिवाशांपुरती आहे. पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रांना ती लागू नाही. त्यामुळे जव्हार येथील आदिवासी शिक्षक किंवा कर्मचाऱ्यास इतर नागरिकांप्रमाणेच प्राप्तिकर भरावा लागतो. शेतीच्या उत्पन्नाला केंद्रीय प्राप्तिकरातून असलेली सूट मात्र सर्वांना समान आहे.

अनुसूचित क्षेत्राला मिळणारा लाभ करमाफीऐवजी खर्चाच्या बाजूने येतो. पेसा कायद्याखालील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेच्या निधीतील ५ टक्के रक्कम थेट देण्याचे महाराष्ट्र शासनाचे धोरण हे त्याचे उदाहरण आहे.

तुलनेच्या पद्धती व मर्यादा

दोन राज्यांतील करभाराची तुलना साधारणतः पुढील निकषांनी केली जाते.

- दरांची तुलना: एकाच वस्तूवरील कराचे दर शेजारी मांडले जातात. ही पद्धत सोपी आहे, परंतु अपुरी ठरते. एका कराचा दर कमी असलेल्या राज्यात दुसरा कर अधिक असू शकतो.
- दरडोई कर: राज्याच्या स्वतःच्या करउत्पन्नाला लोकसंख्येने भागले जाते. सरासरीमुळे मुंबई व मोखाडा यांतील अंतर यात झाकले जाते.
- सकल राज्य उत्पादनाशी गुणोत्तर: राज्याच्या उत्पन्नाच्या मानाने किती कर गोळा होतो, हे यावरून समजते.
- कुटुंबाच्या खर्चावरील भार: उत्पन्नाचा किती भाग करात जातो, हे पाहिले जाते. गरीब कुटुंबांवरील परिणाम समजण्यासाठी ही पद्धत अधिक उपयुक्त असते.

शेवटच्या निकषाचे महत्त्व असे की, वस्तूवरील कर सर्वांना सारख्याच दराने लागतो, पण गरीब कुटुंब उत्पन्नाचा जवळजवळ सर्व भाग खर्च करते. त्यामुळे त्याच्या उत्पन्नाच्या प्रमाणात हा कर जड होतो. अर्थशास्त्रात अशा कराला प्रतिगामी कर म्हणतात. सुटे धान्य करमुक्त ठेवणे आणि राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील धान्य जानेवारी २०२३ पासून विनामूल्य देणे यांमुळे हा परिणाम काही अंशी सौम्य होतो. इंधनकराचा भार मात्र दुचाकी नसलेल्या कुटुंबावरही पडतो, कारण डोंगराळ भागात येणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या किमतीत वाहतूक खर्च मिसळलेला असतो.

तुलना करताना शासनव्यवस्थेतील फरकही लक्षात घ्यावा लागतो. दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव यांचे २६ जानेवारी २०२० रोजी एकत्रीकरण झाले. या प्रदेशास विधानसभा नाही व त्याचा खर्च केंद्राच्या अर्थसंकल्पातून भागवला जातो. त्यामुळे तेथील कमी दरांची राज्याच्या दरांशी थेट तुलना करणे योग्य ठरत नाही. राज्यांना मात्र केंद्रीय करांतील वाटा वित्त आयोगाच्या सूत्रानुसार मिळतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी केंद्रीय करांच्या विभाज्य निधीपैकी ४१ टक्के राज्यांना दिले. त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के व गुजरातचा ३.४७८ टक्के होता. या सूत्रात राज्यांच्या सरासरी उत्पन्नातील अंतराला ४५ टक्के भारांक असल्याने संपन्न राज्याला तुलनेने कमी वाटा मिळतो. राज्याच्या सरासरीपेक्षा फार मागे असलेले तालुके या गणितात स्वतंत्रपणे दिसत नाहीत. त्यांची गरज भागवण्याची जबाबदारी राज्याच्या अंतर्गत वाटपावर येते.

इतर देशांतील स्थिती

अमेरिकेत विक्रीकर पूर्णतः राज्ये व स्थानिक संस्थांच्या हाती आहे. अलास्का, डेलावेअर, माँटाना, न्यू हॅम्पशायर व ओरेगन या पाच राज्यांत राज्यस्तरीय विक्रीकर नाही, तर कॅलिफोर्नियात राज्याचा दर ७.२५ टक्के आहे. वॉशिंग्टन राज्यातील सीमाभागातील ग्राहक ओरेगनमध्ये खरेदीस जातात. न्यू हॅम्पशायरमध्ये विक्रीकर नसला तरी मालमत्ता कर बराच अधिक आहे, त्यामुळे केवळ विक्रीकराच्या दरावरून एकूण करभाराचा अंदाज करता येत नाही. भारतात वस्तू व सेवा कराने बहुतेक वस्तूंपुरता हा प्रश्न मिटवला आहे. पालघरच्या सीमेवर तो मुख्यतः इंधन, मद्य व वाहने यांपुरता उरला आहे.

हे सुद्धा पहा

- वस्तू व सेवा कर (भारत)
- मूल्यवर्धित कर
- जव्हार संस्थान
- मोखाडा तालुका
- दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव
- रोजगार हमी योजना
- वित्त आयोग
- पेसा कायदा